आडव्या खाचा

ताउनोने रायफल जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या टॉवेलवर ठेवली, तेलाचा बोळा उचलला आणि तो हातात धरून तसाच थांबला. चापाच्या वरच्या पोलादी पेटीवर डाव्या अंगाला स्क्रू होते. त्या सगळ्यांच्या खाचा नळीच्या दिशेने होत्या, दोरी धरून लावल्यासारख्या एका रेषेत.

त्याने रायफल उलटी केली. उजवीकडेही तसंच.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. खाचा होत्या तशाच राहिल्या.

ह्या रायफलीच्या खाचा आडव्या असायच्या, नळीला काटकोनात. त्याच्या बापाने तशा ठेवल्या होत्या. बाप तांब्याच्या खाणीत होता आणि अंधारात हाताने बघायची त्याला सवय होती. तो म्हणायचा, रायफलीवरून अंगठा सरकवला की आडवी खाच अंगठ्याला लागते. एखादा स्क्रू ढिला होऊन फिरला असेल तर दिवा नसतानाही कळतं. बाप गेला तेव्हा रायफल ताउनोकडे आली आणि खाचा आडव्याच राहिल्या. साफ करायला उघडली तरी शेवटचा पाव फेरा मोजून तो त्या आडव्या आणायचा.

म्हणजे रायफल कुणीतरी उघडली होती. उघडून परत बंद केली होती, आणि बंद करताना खाचा सरळ रेषेत लावायला तो माणूस विसरला नव्हता.

लेंपी ओट्यापाशी निसूचं पीठ मळत होती. वेलदोड्याचा वास घरभर झाला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम दोन दिवसांवर आला की निसूचा गोड पाव व्हायचाच. पुरुष जंगलातल्या कॅम्पवर जायचे आणि पावाची वळी कापडात गुंडाळून बरोबर न्यायचे.

"माझी रायफल कुणी घेतली होती?" त्याने विचारलं.

"मी कशाला हात लावू त्याला?"

"तुझं नाही म्हणत. दुसऱ्या कुणी."

"कोण येतंय इथे," लेंपी म्हणाली आणि पिठाचा गोळा उलटा करून पुन्हा दाबायला लागली.

ताउनो तिच्या पाठीकडे बघत राहिला. लेंपी खोटं बोलायची नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही खोटं सांगितलेलं त्याला आठवत नव्हतं. पण खरं न सांगता वाक्य पुरं करणं तिला छान जमायचं. 'कोण येतंय इथे' हे 'कुणी आलं नाही' असं नव्हतं.

त्याने रायफल उचलून खिडकीजवळ नेली. नळीवरचा क्रमांक तोच होता. दस्त्यावरचा ओरखडा तोच. नेम धरायची पुढची माशी तीच, बापाने तांब्याच्या तुकड्यातून घासून बनवलेली. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा जे काही झालं होतं ते आत झालं होतं.

उघडून बघणं पाच मिनिटांचं काम होतं. पण उघडायला लागणारे स्क्रूड्रायव्हर आता त्याच्याकडे नव्हते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद असते, तिला नेमक्या जाडीचं पातं लागतं. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर घातला की खाचेचे काठ चेमटतात, आणि मग ती रायफल बघणारा जाणकार मालकाकडे बघून नुसता 'हं' म्हणतो. ते 'हं' ऐकण्यापेक्षा ताउनोने दात उपटून घेतला असता. नेमक्या पात्यांचा त्याचा लाकडी डबा त्याने ऑगस्टमध्येच देऊन टाकला होता. एल्मरला.

एल्मर कांगास. गावात सरळ रेषेत खाचा लावणारा माणूसही तोच.

*

एल्मर आणि ताउनो एकाच शाळेत नापास झाले होते, एकाच लाकडाच्या गिरणीत जन्मभर राबले होते आणि फिनलंडहून आलेल्यांच्या फिनिश हॉलमध्ये शनिवारच्या नाचाला एकाच बँडमध्ये गिटार वाजवत होते. त्यापलीकडे दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं.

ताउनोला लिव्हरची रायफल लागायची. चापाखालची कडी खाली ओढली, वर केली, बार तयार. दुर्बीण नको, नुसती माशी. एल्मर म्हणायचा, ही रायफल नाही, हा कॉफीचा पंप आहे. त्याला बोल्टची हवी, वर हातभर दुर्बीण, आणि अक्रोडाचा दस्ता इतका घासलेला की त्यात तोंड दिसावं. ताउनो म्हणायचा, एल्मरला हरीण दिसायच्या आधी स्वतःची दाढी दिसते, म्हणून त्याची हरणं म्हातारी होऊन मरतात.

गिटारचंही तेच. ताउनोची विजेवरची गिटार म्हणजे एकसंध लाकडाची फळी. आवाज कोरडा, धारदार, दातांत बर्फ धरल्यासारखा. एल्मरची पोकळ पोटाची, घुमणारी. एल्मर ताउनोच्या गिटारला धुण्याची फळी म्हणायचा आणि ताउनो एल्मरच्या गिटारला घुबडाची ढोली. एल्मर दर नाचाआधी नव्या तारा चढवायचा. ताउनो तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. खारवलेल्या माशासारखी तार मुरावी लागते, असं त्याचं म्हणणं. पोल्का वाजवताना एकाच्या तारा चकाकायच्या, दुसऱ्याच्या काळ्या पडलेल्या असायच्या. लोक नाचायचे आणि त्यांना काही फरक कळायचा नाही, ह्याचं दोघांनाही सारखंच वाईट वाटायचं.

आणि स्क्रूच्या खाचा. एल्मरच्या रायफलीवर त्या नळीला धरून असायच्या, गिटारवर तारांना धरून, आणि घरातल्या विजेच्या बटणांवर उभ्या. आडव्या खाचा म्हणजे कुंपणाच्या खुंट्या, असं तो म्हणायचा. पाव फेऱ्याचा तो वाद चाळीस वर्षं पुरला होता.

मार्चमध्ये ताउनोचा मुलगा रॉय गेला. बर्फावरची गाडी घेऊन तो तळं ओलांडत होता आणि तळं त्या बाजूला पुरतं गोठलेलं नव्हतं. तेव्हापासून ताउनो हॉलवर गेला नाही. गिटार पलंगाखाली गेली. उन्हाळ्यात तो घर मोकळं करायला लागला. होडीचं इंजीन लेंपीच्या भाच्याला दिलं. गळ आणि काठ्या शेजारच्याला दिल्या. करवतीही दिल्या. ऑगस्टमध्ये स्क्रूड्रायव्हरचा डबा एल्मरच्या हातात ठेवला. एल्मरने विचारलं, तुला लागतील तेव्हा? ताउनो म्हणाला, मला आता काय करायचेत. आणि दारातून निघताना म्हणाला, ती गिटारही पुढेमागे तूच घे, तुझा तिच्यावर डोळा आहेच.

तो बोलला होता ते खरं होतं. एल्मरचा डोळा होताच. तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या त्या जुन्या चुंबकांवर आता कुणी तशी तार गुंडाळत नाही, हे एल्मर नाचाच्या मध्यंतरात कित्येकदा म्हणाला होता. रायफलीबद्दलही तेच. नाक मुरडायचा तो लिव्हरला. पण आतल्या घोड्याचं, चापाचं काम बघितलं की हळवा व्हायचा. आणि एल्मर मोडक्या रायफली विकत घेऊन तीनातून दोन चांगल्या करायचा आणि प्रदर्शनात विकायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चांगल्या जुन्या भागांची त्याला कायम गरज असायची.

ताउनोने रायफल टॉवेलवर परत ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालची पेटी ओढली.

गिटारच्या तारा नव्या होत्या.

त्या पांढऱ्या चमकत होत्या, किराणा दुकानातल्या चमच्यांसारख्या. ताउनो गुडघ्यावर बसला होता तो मांडी घालून जमिनीवर बसला. खुंट्यांकडे बघायची तशी गरज नव्हती, तरी त्याने बघितलं. तार खुंटीभोवती एक वेढा वरून आणि बाकीचे खालून. मध्ये तारेचं टोक दाबून धरलेलं. एल्मरचं गुंडाळणं. असं गुंडाळलं की तार घसरत नाही, असा त्याचा दावा होता.

आता लेंपीचं ते वाक्य त्याला पुन्हा आठवलं. ती घरात असताना एल्मर आला होता. नुसता आला नव्हता, बसला होता, रायफल उघडली होती, गिटार काढली होती. ह्याला वेळ लागतो. कॉफी झाली असेल. आणि त्यानंतर दोघांनीही त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्याने कोपऱ्यातल्या ॲम्पची वायर गिटारला जोडली आणि बटण दाबलं. चुंबकं बदलली असतील तर पहिल्याच ठोक्याला कळणार होतं. त्याने अंगठ्याने मधली एक तार छेडली.

आवाज त्याचाच होता. नवी तार होती म्हणून जरा उद्धट, पण त्याच्याच गिटारचा.

स्वयंपाकघरात पीठ ओट्यावर आपटण्याचा आवाज थांबला. ताउनोने तार हाताने दाबून गप्प केली. थोड्या वेळाने लेंपी दारात येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत हात पिठाचे. ती काही विचारेल असं त्याला वाटलं. ती नुसती बघत होती, गिटारकडे नाही, त्याच्याकडे. मग भट्टीत बघायला हवं असं काहीतरी पुटपुटत ती परत गेली. भट्टीत अजून काही ठेवलेलंच नव्हतं.

ताउनोने पेटी बंद केली. चोर घरातून जाताना अंगण झाडून गेला, असं कधी ऐकलं नव्हतं. पण झाडतोच कशाला, हेही कळत होतं. पावलं पुसायला. इकडे नव्या तारांचा गोडवा लावायचा आणि तिकडे रायफलीच्या पोटातून हवं ते काढून घ्यायचं. बापाने हाताने कानस मारलेला तो घोडा. लोण्यासारखा मागे येणारा तो चाप.

लेंपीला त्याने पुन्हा काही विचारलं नाही. चाळीस वर्षांचा दोस्त चोर निघाला तर ते कॅम्पच्या टेबलावर, त्याच्याच तोंडासमोर उघडायचं, असं त्याने ठरवलं. त्यानंतर मैत्री नाही.

*

कॅम्पवर जाताना एल्मर फार बोलत होता. ट्रक त्याचा, रस्ता लांब, दोन्ही बाजूंना काळी झाडं आणि मध्ये नुकताच पडलेला पातळ बर्फ. गिरणीतला कुणीतरी यंदा धनुष्य घेऊन शिकारीला जाणार होता, त्याची टिंगल झाली. दुर्बिणीच्या किमतींना शिव्या झाल्या. एरवी एवढ्या बोलण्यात एल्मरने लिव्हरच्या रायफलीला एकदा तरी कॉफीचा पंप म्हटलं असतं. आज म्हटलं नाही. ताउनोने ते ध्यानात ठेवलं.

उतरल्यावर एल्मरने आधी काय उचललं, तर ताउनोची रायफल. स्वतःची मागच्या सीटवर तशीच ठेवून.

"माझी मी नेतो," ताउनो म्हणाला.

"तू पाव घे. लेंपीचा पाव मी पाडला तर ती मला उभा चिरेल."

तो रायफल घेऊन पुढे चालायला लागला. ताउनो कापडातली पावाची वळी छातीशी धरून त्याच्या मागे गेला.

कॅम्प म्हणजे एक खोली, लोखंडी शेगडी, दोन खाटा, आणि मागे सौनाची, वाफेच्या अंघोळीची, लाकडी खोपटी. एल्मरने शेगडी पेटवली आणि पॅस्ट्या गरम करायला ठेवल्या. बटाटा आणि मांस भरलेल्या त्या जाड करंज्या दोघांनी उभ्यानेच खाल्ल्या. त्यातही वाद व्हायचा. ताउनोला त्यावर टोमॅटोचा सॉस चालायचा नाही. आज एल्मरने स्वतःच्या पॅस्टीवर सॉस ओतला, आणि ताउनो काही बोलला नाही तेव्हा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मी म्हणतो, यंदा एकाच लपणात बसू," एल्मर म्हणाला.

"का?"

"का म्हणजे. कंबर धरते. एकटं किती बसायचं."

"चाळीस वर्षं तू म्हणतोस मी खोकतो आणि हरणं पळवतो."

"मग यंदा दोघं मिळून पळवू."

जेवण झाल्यावर मोसमाच्या आदल्या दुपारची रीत होती. मागच्या वाळूच्या टेकाडावर फळीला कागद लावायचा आणि प्रत्येकाने एक बार टाकून रायफल बघून घ्यायची. एल्मरने त्याचा बार टाकला. कागदाच्या मधोमध. एरवी त्याने कागद काढून ताउनोच्या नाकासमोर नाचवला असता. आज त्याने रायफल खाली केली आणि म्हणाला, चल, थंडी वाजतेय.

"माझा राहिलाय," ताउनो म्हणाला.

"राहू दे की. ती रायफल कधी चुकलीय? उगाच आवाज करून हरणं उठवायची."

"तू आत्ता केलास तो आवाज नव्हता?"

एल्मरने टोपी मागे सारली, पुढे ओढली. "दोन आवाजांनी जास्त उठतात," तो म्हणाला. हे इतकं दुबळं होतं की त्याचं त्यालाच ते पटलं नाही. तो खाली वाळूकडे बघायला लागला.

ताउनोला जे बघायचं होतं ते दिसलं. बार टाकला की आतला बदल उघड होणार, म्हणून हा बार टाकू देत नव्हता.

"माझा स्क्रूड्रायव्हरचा डबा ट्रकमध्ये आहे का?" त्याने विचारलं.

एल्मरने बुटाने वाळू सारखी केली.

"आहे," तो म्हणाला.

*

खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता. ताउनोने टेबलावर स्वतःचा गळपट्टा पसरला, त्यावर रायफल ठेवली आणि डब्यातलं नेमकं पातं उचललं. एल्मर समोरच्या बाकावर बसला. त्याने अडवलं नाही, काही विचारलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून शाळेतल्या पोरासारखा बसला.

"खाचा सरळ झाल्यात," ताउनो पहिला स्क्रू फिरवत म्हणाला.

"हो," एल्मर म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हाताला वळण पडलंय. माझं लक्षातच नाही आलं."

ताउनोने एकेक भाग काढून गळपट्ट्यावर ओळीने ठेवला. कडी. जोडपट्टी. मग घोडा. तो त्याने खिडकीकडे धरला. बापाने मारलेल्या कानशीच्या बारीक रेघा त्यावर तशाच होत्या. चाप तोच होता. चापाची पट्टीही तीच, तिच्यावरचा निळसर डाग तोच. ताउनोचा हात मंदावला. जे चोरण्यासारखं होतं ते सगळं समोर होतं. कुणी हात लावलेला नव्हता.

शेवटी त्याने मधला पोलादी ठोकळा बाहेर ओढला, तो बंद झाला की गोळी नळीत पक्की बसते. त्या ठोकळ्याच्या पोटात आरपार भोक असतं आणि त्यात फायरिंग पिन असते, गोळीच्या बुडावर आपटणारी बोटभर पोलादी काडी. ठोकळा हलवला की ती आत किंचित वाजते. ताउनोने तो कानाजवळ नेऊन हलवला. मग खिडकीकडे धरून त्याने एका डोळ्याने आत बघितलं. भोकातून त्याला बाहेरचा बर्फ दिसला.

त्याने ठोकळा खाली ठेवला.

पिन कुणी चोरत नाही. ती कुठल्याही दुकानात मिळते. जुन्या रायफलीतली काढून नव्यात घालावी असं तिच्यात काही नसतं. जो माणूस ह्या पेटीतून घोडा सोडून पिन नेतो, त्याला रायफलीतलं काही नको असतं. ती उडायला नको असते.

शेगडीत एक ओंडका खाली सरकला. ताउनोने पातं डब्यात त्याच्या जागी ठेवलं आणि हात गळपट्ट्याच्या काठावर ठेवले.

"लेंपीने बोलावलं तुला," तो म्हणाला.

"हो."

"कधी?"

"तू लाकडं आणायला गेला होतास त्या दिवशी."

"काय म्हणाली?"

एल्मरने मांड्यांखालचे हात काढले. "काही नाही म्हणाली. टेबलावर टॉवेल पसरून ठेवला होता तिने, त्यावर रायफल ठेवली होती. म्हणाली, ह्यातलं काहीतरी घेऊन जा. मला ह्यातलं कळत नाही म्हणाली."

ताउनो खिडकीबाहेर बघत होता.

"लेका, माणूस गळ देतो, होडीचं इंजीन देतो," एल्मर म्हणाला. "दे बाबा. पण मोसम यायचा असताना स्क्रूड्रायव्हर देतो, करवती देतो, आणि रायफल तेवढी ठेवून घेतो. ती कुणाला देत नाही. मी रात्री तोच विचार करत पडायचो. मी चुकत असेन तर आत्ता माझ्या तोंडात मार आणि विषय संपव."

ताउनोने मारलं नाही. गळपट्ट्याचा एक सुटलेला धागा त्याने बोटाभोवती गुंडाळला, बोट पांढरं पडेपर्यंत, आणि सोडला. परत गुंडाळला.

एल्मरचा चेहरा हळूहळू बदलला. आपण चुकत असू अशी आशा धरून तो इतका वेळ बसला होता, हे आत्ता कळत होतं.

"मला वाटलं तू घोडा नेलास," ताउनो शेवटी म्हणाला. "बापाचा."

"मी? तुझ्या कॉफीच्या पंपातला?"

"आणि गिटारची चुंबकं."

"ती तर तू देणारच होतास मला."

हे म्हणून गेल्यावर त्याचा अर्थ दोघांच्याही ध्यानात आला. एल्मरने खिशातून तंबाखूची डबी काढली. तिच्यात तंबाखू नव्हती. तेलकट फडक्यात गुंडाळलेली पिन होती. ती त्याने टेबलावर ठेवली, पण बोट तिच्यावरून उचललं नाही.

"तू सौनात गेलास की बसवणार होतो. तुला दोन दिवस जवळून बघावं आणि मग बसवावी असं मनात होतं."

"आणि तारा?"

"तारा गंजल्या होत्या, ताउनो. लेंपी म्हणाली, हात लावू नको, त्याला कळेल. पण एक गोष्ट काढून न्यायची आणि तसंच उठायचं, ते जमेना मला."

आता त्याने बोट उचललं. ताउनोने पिन घेतली, तळहातावर ठेवून बघितली. तेल चांगलं लावलेलं होतं. एक माणूस दुसऱ्याच्या वस्तूला लावतो तसं, जरा जास्तच. मग त्याने भाग एकेक करून पेटीत बसवायला घेतले. एल्मर बघत होता. ठोकळा आत गेला, घोडा गेला, कडी बसली. स्क्रू एकामागून एक आत गेले. पिन गळपट्ट्यावरच राहिली.

"ही राहिली," एल्मर म्हणाला.

ताउनोने पिन फडक्यात गुंडाळली, डबीत घातली आणि डबी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"तुझ्याकडे असू दे."

"कधीपर्यंत?"

"मी मागेपर्यंत."

एल्मरने डबी उचलली. खिशात घातली नाही. "आणि मागितलीस की लगेच द्यायची?"

ताउनोने स्क्रूड्रायव्हरच्या डब्याचं झाकण लावलं, कडी अडकवली, गळपट्टा झटकून गळ्यात घातला.

"लगेच नको," तो म्हणाला. "आधी विचार, कशाला हवी."

*

सकाळी ते एकाच लपणात बसले. फळ्यांची ती जागा एका माणसासाठी बांधलेली होती, त्यामुळे खांद्याला खांदा लागत होता आणि एल्मरच्या दुर्बिणीचं टोक सारखं ताउनोच्या टोपीला लागत होतं. ताउनोने त्याला दोनदा शिवी दिली. त्याच्या स्वतःच्या मांडीवर रायफल होती. ती आणायचं काही कारण नव्हतं, पण मोसमाच्या पहिल्या दिवशी रायफलीवाचून जंगलात जायला त्याला लाज वाटली असती. एल्मरला ते न सांगता समजलं होतं.

उजेड झाला आणि थोड्या वेळाने खालच्या ओहोळाकडून हरीण आलं. मोठा नर होता, मान जाड, शिंगं उंच. तो ताउनोच्या बाजूने आला, वाऱ्यावर नाक धरून थांबला आणि अंग आडवं करून उभा राहिला, जसा कुणी उभा राहावा म्हणून माणसं वर्षभर वाट बघतात. ताउनोची रायफल आपोआप खांद्याला लागली. माशी नराच्या खांद्यामागे जाऊन टेकली. त्याने घोडा मागे ओढला नाही. नर श्वास घेताना दिसत होता तेवढा वेळ तो नुसता बघत राहिला.

शेजारी एल्मर हलला नव्हता.

"मार की," ताउनो ओठ न हलवता म्हणाला.

"तुझ्या बाजूला आहे."

"अरे, मला काय येतंय मारता? तू मार."

"चाळीस वर्षांत तुझ्या बाजूचं मी मारलंय कधी? उद्या गावभर सांगशील."

नराने मान वळवली. त्यांच्याकडेच बघितल्यासारखं केलं. मग घाई न करता तो झाडांत शिरला, आणि थोडा वेळ त्याची पाठ फांद्यांतून दिसत राहिली आणि मग तीही दिसेनाशी झाली.

एल्मरने रायफल खाली केली आणि रोखलेला श्वास सोडला. त्याची वाफ दोघांच्या मध्ये तरंगत राहिली. "गेला," तो म्हणाला. "एवढा मोठा. गेला."

"ओहोळाच्या वाटेवर चरतोय तो," ताउनो म्हणाला. "उद्या येईल परत."

एल्मरने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. त्याने थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं, पण हातमोज्यातून ते काही केल्या फिरेना.

"आण इकडे," ताउनो म्हणाला.